भावाची चौकट सुटली त्या दिवशी

रात्री दीडला घरी पोचलेल्या उपसंपादकाचा फोन सकाळी सातला वाजला की दोनच शक्यता असतात. नात्यातलं कुणी गेलं, नाहीतर पेपरात काहीतरी चुकलं. 18 नोव्हेंबर 2025 च्या मंगळवारी दुसरी शक्यता खरी ठरली.

"भाऊ, आज कापसाचा भाव काऊन नाई छापला?"

"छापला असंल काकाजी. पाच नंबरचं पान, उजवीकडं खाली."

"दोनदा पायलं. चष्मा लावून पायलं. चौकटच नाई."

मी पान उघडलं. चौकट खरंच नव्हती. ती कुणी काढली तेही मला पक्कं ठाऊक होतं, कारण काढणारा मीच होतो.

एका दैनिकाच्या यवतमाळ जिल्हा पानावर मी काम करतो. दैनिक कोणतं याला महत्त्व नाही; विदर्भातल्या कुठल्याही डेस्कवर हे घडू शकतं. त्या दिवशी आम्ही वाचकापुढे काय ठेवलं, वाचकाने काय उचललं आणि या दोहोंत एवढं अंतर का पडलं, ते शोधायला पुढचा महिना गेला. त्या शोधाची ही हकीकत.

पान कसं लागलं

सोमवार, 17 नोव्हेंबर हा नगर परिषद निवडणुकीचे अर्ज भरायचा शेवटचा दिवस होता. दुपारी तीनला मुदत संपली आणि साडेतीनपासून बातम्यांचा पूर सुरू झाला. कुणाचं तिकीट कापलं, कुणी सकाळी एका पक्षात आणि दुपारी दुसऱ्या पक्षात, कुठे एबी फॉर्मवरून कार्यालयाच्या दारातच बाचाबाची. नगराध्यक्ष थेट जनतेतून निवडून द्यायचा, म्हणजे प्रत्येक शहरात एक खुर्ची आणि तिच्यासाठी सात-आठ जीव टांगणीला. आमचे वार्ताहर असल्या दिवसाची वाट बघत असतात.

लीड, म्हणजे पानावरची मुख्य बातमी, चार कॉलमची झाली. तिच्या पोटात बंडखोरांची चौकट, शेजारी ढोलताशांचा फोटो, खाली "कुठे कोण कोणाविरुद्ध" असा तक्ता. पान जवळजवळ लागलं होतं. साडेनऊला जाहिरात विभागाचा निरोप आला: पाव पान, एका उमेदवाराची, पैसे जमा झालेत.

जिल्हा पान सव्वादहाला सोडावंच लागतं. पांढरकवडा, मारेगाव, वणी, झरी-जामणी या बाजूची गाडी छापखान्यातून आधी निघते. तिला उशीर झाला की तालुक्याच्या गावावरून खेड्यात जाणारी पहिली एसटी चुकते आणि गठ्ठा अकराच्या बसने जातो. अकराला पेपर गावात पोचून उपयोग नाही, तोवर माणसं वावरात असतात.

पाऊण तासात पाव पान मोकळं करायचं होतं. फोटोला हात लावता येत नव्हता, कारण तो काढायला आम्हीच माणूस पाठवला होता. तक्त्यावर आवृत्तीप्रमुखांचा जीव. मग मी दोन गोष्टींवर कात्री चालवली. एक बाजारभावाची चौकट. दुसरी लाडकी बहीण योजनेच्या ई-केवायसीची बातमी. ई-केवायसीची मुदत 18 तारखेला संपणार होती, ती 31 डिसेंबरपर्यंत वाढल्याचं त्याच दिवशी जाहीर झालं होतं. सेतू केंद्रावर सकाळपासून बसून राहिलेल्या बाया, न येणारा ओटीपी, आणि नवरा किंवा वडील हयात नसलेल्यांनी आधार कुणाचं जोडायचं हा प्रश्न, असं सगळं आमच्या वार्ताहराने नीट लिहून पाठवलं होतं. त्यातल्या मुदतवाढीच्या सहा ओळी राहिल्या, बाकी गेलं.

डेव्हिड मॅनिंग व्हाइट नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने 1949 मध्ये तिथल्या एका शहरातल्या वृत्तपत्राच्या तार-संपादकाला आठवडाभर एक काम दिलं होतं: जी बातमी टाकून द्याल, तिच्यावर टाकण्याचं कारण लिहा. व्हाइटने त्याचं नाव झाकून त्याला "मिस्टर गेट्स" म्हटलं. आलेल्या मजकुरापैकी दहातले नऊ भाग त्या गृहस्थाने टाकले आणि पुन्हा पुन्हा लिहिलेल्या कारणांत एक होतं, जागा नाही. त्या रात्री मला कुणी कारण लिहायला लावलं असतं तर मीही तेच लिहिलं असतं. आणि ते खोटं ठरलं असतं. जागा होती, ती मी दुसऱ्याला दिली.

फोन कुणाचे आले

पहिल्या फोननंतर दुपारपर्यंत फोन वाजतच राहिला. मला, वार्ताहराला, विक्री विभागाला, पेपर टाकणाऱ्या पोरांना. सगळ्यांचा प्रश्न एक. लीडबद्दल दिवसभरात एकच फोन आला, तो एका उमेदवाराच्या कार्यकर्त्याचा: साहेबांच्या आडनावातली वेलांटी चुकली.

संध्याकाळी विक्री विभागातल्या मित्राला विचारलं, त्या बाजूला आपले अंक जातात कुठे? तो माझ्याकडे बघतच राहिला. "निम्म्याहून जास्त खेड्यात. बारा वर्षं झाली तुले इथं, आत्ता इचारून रायला?"

नगर परिषद शहराची. खेड्यातल्या माणसाला तिथे मत नाही. ज्या निवडणुकीत त्याला बोट रंगवता येत नाही, तिच्या उमेदवारांची मिरवणूक आम्ही चार कॉलमात त्याच्या दारात टाकली, आणि त्यासाठी त्याच्या घरात पडलेल्या कापसाचा भाव काढून घेतला. पानाच्या डोक्यावर "जिल्हा" लिहिलेलं असतं, मजकूर मात्र तहसीलच्या गावातला, कारण वार्ताहर तहसीलच्या गावात राहतो, पत्रकार परिषद तिथे होते आणि जाहिरातीही तिथूनच येतात.

यावर कुणी म्हणेल की खेड्यातल्या वाचकाला राजकारणाचं वावडं आहे. मुळीच नाही. जिल्हा परिषदेवर तेव्हा 2022 पासून प्रशासक होता. ऑक्टोबरात गटांच्या आरक्षणाची सोडत निघाली, तेव्हा कोणता गट कुणासाठी सुटला याची आमची कोरडी यादी लोकांनी कापून जपून ठेवली होती. शैली नाही, फोटो नाही, मथळाही धड नाही. पण त्या यादीत त्यांचा गट होता.

पडद्यावरचे आकडे

डेस्कवर आता एक पडदा असतो. संकेतस्थळावर कोणती बातमी किती जण वाचताहेत, ते त्यावर मिनिटामिनिटाला हलत असतं. त्या मंगळवारी वरच्या जागा लाडकी बहीणची मुदतवाढ, एका शिवारात दिसलेल्या वाघाचा व्हिडिओ आणि अभिनेते धर्मेंद्र यांच्या प्रकृतीच्या बातमीने घेतल्या होत्या. आमची लीड दिसेपर्यंत बरंच खाली जावं लागत होतं.

आवृत्तीप्रमुख पडद्याकडे बघून हसले. "घे तुझा वाचक. उद्यापासून वाघ, बहीण आणि नट छापू."

हा टोमणा जुना आहे आणि त्याला शास्त्राचा आधारही मिळतो. पाब्लो बोचकोव्स्की आणि युजेनिया मिशेलस्टाइन या दोघांनी सात देशांतल्या 20 वृत्तस्थळांवरच्या 50,000 हून अधिक बातम्यांचा अभ्यास करून 2013 मध्ये निष्कर्ष मांडले. संपादक वर ठेवतात ते राजकारण, अर्थकारण, परराष्ट्र. लोक उघडतात ते खेळ, गुन्हे, मनोरंजन, हवामान. दोहोंत कायमची दरी. फक्त निवडणूक किंवा मोठा राजकीय पेच आला की ती अरुंद होते आणि तो ओसरला की पुन्हा रुंदावते.

वाचून मी थोडा चक्रावलो. आमच्याकडे तर ऐन निवडणुकीच्या अर्जांच्या दिवशी दरी जास्तीत जास्त रुंद झाली होती. म्हणजे "निवडणूक" हा शब्द पुरत नाही. ती कुणाची निवडणूक, हेही विचारायला पाहिजे. शिवाय पडद्यावर बोट ठेवणारा माणूस आणि सकाळी सातला मला फोन करणारा माणूस एकच आहे, याला तरी पुरावा काय? आपल्या जिल्ह्याची बातमी पुण्यात खोली करून राहणारं पोरगंही उघडतं. बाजारभावाची चौकट तर संकेतस्थळावर चढतच नव्हती. जे मांडलंच नाही, त्याला किती मागणी आहे ते पडदा कसं सांगणार?

एक कोडं मात्र मलाही सुटत नव्हतं. कापसाचे भाव दुपारी दोनपर्यंत व्हॉट्सअ‍ॅपवर गावोगाव फिरतात. आमची चौकट दुसऱ्या दिवशी सकाळी येते, म्हणजे शिळी. मग तिच्यासाठी एवढे फोन कशाला?

पाच अंक, एक पेन्सिल

जॉर्ज गॅलप हे नाव निवडणूक चाचण्यांमुळे सगळ्यांना माहीत आहे. चाचण्यांत शिरण्याआधी, 1928 मध्ये, त्याने आयोवा विद्यापीठात पीएचडी केली ती वृत्तपत्राच्या वाचकावर. त्याची पद्धत साधी. तुम्ही काय वाचता असं विचारलं की माणूस अग्रलेख म्हणतो. म्हणून विचारायचंच नाही. ताजा अंक घेऊन शेजारी बसायचं, पहिल्या पानापासून एकेका मजकुरावर बोट ठेवायचं आणि हे वाचलं का, कुठवर वाचलं, एवढंच टिपायचं. पहिल्या पानाची बढाई मारणारे वाचक प्रत्यक्षात चित्रमालिका जास्त वाचतात, हे त्यातून बाहेर आलं.

23 तारखेच्या रविवारी मी पाच अंक आणि एक पेन्सिल घेऊन त्या काकाजींच्या गावी गेलो. नागपूर-हैदराबाद महामार्ग सोडून आत, दोन्हीकडे पऱ्हाटी. सप्टेंबरच्या पावसाने बोंडं सडून काळी पडलेली, उरलेल्यांचा दुसरा वेचा सुरू. एक पानठेला, तीन घरं आणि एक पार एवढाच माझा नमुना. याला कुणी सर्वेक्षण म्हणू नये.

काकाजींनी अंक घेतला, उलटा केला, मागून दोन पानं सरकवली, मग चार घड्या घालून बरोबर बाजारभावाचा तुकडा वर आणला. हे सगळं पहिल्या पानाकडे एक नजरही न टाकता. रकाना उलगडायच्या आधी बोट "कापूस"वर. मग तूर. सोयाबीनवर थोडं थांबून एक उसासा. मग निधन वार्ता. मग तिसऱ्या पानावरची एका सप्ताहाच्या समारोपाची बातमी, तीही शेवटच्या ओळीपासून.

"शेवटून काऊन?"

"नावं तं तेथीच रायते ना."

प्रत्येक मराठी डेस्कवर बातमी लांबली की पहिली कात्री शेपटावर पडते. "यावेळी अमुक, तमुक, ढमुक आदी उपस्थित होते." आम्हाला शिकवलेलं असतं की महत्त्वाचं वर, बिनमहत्त्वाचं खाली. काकाजींच्या लेखी बातमी खालूनच सुरू होते: आपल्या गावचं कोण होतं, सोयऱ्यांपैकी कोण होतं, ज्याच्याशी बोलणं बंद आहे तो कुणाच्या शेजारी बसला होता. वरचं भाषण दर वर्षी तेच.

मग मी व्हॉट्सअ‍ॅपचा प्रश्न काढला. काकाजी हसले आणि उठून आत गेले. परत आले ते तारेच्या आकड्यात ओवलेली कात्रणं घेऊन. आमच्याच चौकटी, ऑक्टोबरपासूनच्या, पिवळ्या पडत चाललेल्या. 18 तारखेची अर्थातच नव्हती.

"खेडा खरेदीवाला येते ना, पिकअप घिऊन. काटा त्याचा, भाव त्याचा. म्हनते आज मार्केट पडलं. मोबाइल दाखवला तं म्हनते, काकाजी, मोबाइलवर कोनी बी काई बी टाकते. पेपर दाखवला का गप बसते. छापून आलं हाये ना."

कोडं सुटलं. चौकट बातमी म्हणून शिळी होती, कागद म्हणून ताजी. काकाजी ती माहितीसाठी घेत नव्हते. भाव त्यांना आदल्या दुपारीच कळलेला असायचा. ते ती समोरच्याच्या तोंडावर धरायला घेत होते. वाचन मोजायचं कुठलंही यंत्र हे मोजत नाही. गॅलपच्या पेन्सिलनेसुद्धा इथे फक्त "वाचलं" अशी खूण झाली असती.

त्या मंगळवारी पिकअप आली होती. वेचणीच्या बायांचे पैसे द्यायचे होते, म्हणून काकाजींनी दोन क्विंटल मोजून दिला. "त्यानं पाडून मांगला. माह्याजवळ दाखवाले काई नोयतं." किती पाडला ते त्यांनी सांगितलं नाही. मला विचारवलं नाही.

त्यांची एक तक्रारही होती, आणि ती डेस्कवर कधी कुणाच्या डोक्यात आली नव्हती. आम्ही किमान आणि कमाल छापतो. "कमाल एका गाडीचा रायते, किमान बी एका गाडीचा. बाकीच्या गाड्या कोन्या भावानं गेल्या ते सांगा ना." बाजार समितीच्या पत्रकात "सर्वसाधारण दर" असा तिसरा रकाना असतोच. चौकट दोन कॉलमात बसावी म्हणून आम्ही तो कित्येक वर्षांपूर्वी काढून टाकला होता. कुणी काढला ते डेस्कवर आता कुणालाच आठवत नाही.

दुसऱ्या घरी सून वाचत होती आणि सासूबाई ऐकत होत्या. सुरुवात निधन वार्तांपासून, आवाज न चढवता, हजेरी घ्यावी तशी. एका नावावर सासूबाई म्हणाल्या, "थांब. कोन्या गावचे?" गाव निघालं, नातं निघालं, तेरवीला कोण जाणार ते ठरलं, आणि वाचन पुढे सरकलं. मी सोबत 18 तारखेचा अंकही नेला होता. त्यातल्या ई-केवायसीच्या सहा ओळी दाखवल्या. सुनेने वाचल्या, उलटून खाली बघितलं, पुन्हा वाचल्या.

"एवढंच? ज्यायचा नवरा नाई त्यायनं काय कराव, ते काऊन नाई लिहिलं?"

लिहिलं होतं. त्याच चार परिच्छेदांवर मी कात्री चालवली होती. सासूबाईंचं कुंकू बारा वर्षांपूर्वी पुसलेलं, आणि या घरातल्या ई-केवायसीचं घोडं तिथेच अडलेलं. मी अंक घडी करून पिशवीत टाकला.

पारावर एक पोरगा भेटला, पोलीस भरतीची तयारी करणारा. लीड शेवटपर्यंत वाचलेला माझ्या नमुन्यातला एकमेव माणूस हाच. कारण विचारलं तर म्हणाला, "थेट नगराध्यक्षावर प्रश्न येऊ शकते, सर."

पानठेल्यावर एकाच अंकाची चार पानं चौघांच्या हातात होती. पहिलं पान चहाच्या ग्लासाखाली.

वाघाचं मात्र सविस्तर सांगायला हवं, कारण पडद्यावरचा वाघ आणि पानठेल्यावरचा वाघ एक नव्हता. आमच्या संकेतस्थळावरच्या मथळ्यात थरार होता, व्हिडिओ होता, शिवाराचं नाव नव्हतं. नाव मथळ्यात दिलं तर लोक आत येत नाहीत, असा तिकडच्या डेस्कचा हिशेब. पानठेल्यावर मी व्हिडिओ लावला तर पहिला प्रश्न आला, "कोन्या शिवारात?" दुसरा, "कधीचा?" कृषिपंपांच्या थ्रीफेजची पाळी रात्रीची असली की हरभऱ्याला पाणी द्यायला माणूस रात्रीच जाणार. शिवाराचं नाव कळलं तर तो सोबतीला कुणाला घेतो, नाहीतर जातच नाही. नरभक्षक ठरवलेली टी-1 (अवनी) वाघीण 2 नोव्हेंबर 2018 ला मारली गेली ती याच पांढरकवडा-राळेगाव पट्ट्यात. त्याआधीच्या मोसमांत इथल्या माणसांनी पेपरातलं शिवाराचं नाव बघून वावरात जायचं की नाही ते ठरवलंय. आम्ही ज्याला चटपटीत म्हणून हिणवतो आणि तरीही पडद्यावर चढवतो, ती बातमी त्यांच्या लेखी बाजारभावाच्याच जातीची आहे. आणि नेमकी त्यातलीच कामाची ओळ आम्ही काढून घेतो.

बैठकीत

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मी हे सगळं आवृत्तीप्रमुखांपुढे ठेवलं. त्यांना मूर्ख ठरवून लेख चटकदार करता येईल, पण माणूस मूर्ख नाही. त्यांनी दोन गोष्टी समोर ठेवल्या आणि दोन्ही खऱ्या होत्या.

पहिली 2017 ची. त्या वर्षी फवारणीच्या मोसमात आमच्या जिल्ह्यात विषबाधेने 20 हून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. दवाखान्यात माणसं येत होती ती ऑगस्ट-सप्टेंबरपासून. राज्यभर गाजावाजा झाला तो ऑक्टोबरात. "तेव्हा कुणाचा फोन आला होता, विषबाधेची बातमी द्या म्हणून? वाचक भाव मागतो. भाव द्यावा. पण कुणी मागत नसताना जे द्यावं लागतं, त्याच्यासाठी मी बसलोय."

दुसरी 2006 ची. ग्रामीण भागावर लिहिणारे पत्रकार पी. साईनाथ यांनी तेव्हा दाखवून दिलं होतं की मुंबईतला फॅशन वीक टिपायला 512 अधिस्वीकृत पत्रकार होते, मंचावर कपडे सुती होते, आणि त्याच कापसाच्या मुलखात आत्महत्यांचं वार्तांकन करायला बाहेरून आलेले पत्रकार होते जेमतेम सहा. "ते 512 जण वाचकाच्या पसंतीनेच गेले होते," आवृत्तीप्रमुख म्हणाले.

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही पुरतं नाही. मी फक्त एवढं म्हटलं की 18 तारखेच्या लीडला हे दोन्ही दाखले लागू पडत नाहीत. ती लीड ना कुणी मागितली होती, ना कुणी न मागता द्यावी अशी होती. ती आम्हाला सोपी होती, एवढंच. आलेली बातमी, आलेला फोटो, आलेली जाहिरात.

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "ऑगस्टातली ड्यूटीची बातमी काढ."

केंद्राने 19 ऑगस्ट 2025 पासून कापसावरचं 11 टक्के आयात शुल्क माफ केलं होतं, आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग 31 डिसेंबरपर्यंत. कापूसवाल्या जिल्ह्याला याहून जवळची केंद्रीय बातमी वर्षभरात नसेल. ती आम्ही एजन्सीच्या मजकुरावरून लावली होती: वस्त्रोद्योगाला दिलासा. कास्तकाराला काय, याची एक ओळही नाही. कुणी वाचली नाही यात नवल ते काय? या एका बातमीत गंभीर विषय होता, वाचकाच्या घरापर्यंत पोचणारा परिणाम होता, आणि तरी तिचं तोंड दुसरीकडेच होतं.

तीच बातमी आम्ही भावाच्या चौकटीला लागून पुन्हा लिहिली. हमीभाव लांब धाग्याला 8,110 रुपये, मध्यम धाग्याला 7,710. बाजारात भाव त्याच्या खाली. शुल्कमाफी 31 डिसेंबरपर्यंत. म्हणून हमीभावाने कापूस घेणाऱ्या सीसीआयच्या (भारतीय कापूस महामंडळाच्या) केंद्रावर गर्दी, आणि तिथे ओलाव्याचा काटा. खाली एक छोटा तक्ता जोडला: ओलावा 8 टक्के असेल तर 8,110, पुढच्या प्रत्येक टक्क्याला एक टक्का कपात, 12 टक्क्यांना 7,785 रुपये 60 पैसे, त्यावर गेला तर गाडी परत. "कपास किसान" अ‍ॅपवर नोंदणी कशी करायची, त्याच्या चार ओळी. केंद्राचं धोरण, अर्थकारण, आयात शुल्क, म्हणजे वाचक ज्याच्याकडे पाठ फिरवतो म्हणतात ते सगळं त्यात होतं. तो तक्ता मी पुढच्या आठवड्यात एका जिनिंगच्या फाटकावर चिकटवलेला पाहिला. त्याच पानठेल्यावरही होता, तंबाखूच्या पुड्यांच्या माळेमागे.

बदल काय झाले ते थोडक्यात. भावाच्या चौकटीची जागा पक्की झाली, तिच्यावर जाहिरात चढणार नाही. जाहिरात विभाग आठवडाभर रुसला, मग चौकटीच्या डोक्यावर कृषी केंद्राची पट्टी विकून मोकळा झाला. सर्वसाधारण दराचा रकाना परत आला. वाघाच्या बातमीत पहिल्या वाक्यात शिवाराचं नाव, निदान छापील अंकात. संकेतस्थळवाले अजून ऐकत नाहीत. उपस्थितांची नावं आम्ही आता भाषण कापून वाचवतो, त्यावर एका पुढाऱ्याने तक्रारही केली. ई-केवायसीचे कापलेले चार परिच्छेद मी 26 नोव्हेंबरलाच लावले होते, आठ दिवस उशिरा.

नगर परिषदांची मतमोजणी 21 डिसेंबरला झाली, रविवारी. 22 च्या अंकात निकालाचा पूर. रविवारी बाजार बंद, लिलाव नाही, म्हणजे भाव नाहीत; चौकटीची जागा निर्धास्तपणे घेता येत होती आणि आम्ही ती घेतली. यावेळी चूक नव्हती, मी सगळं तपासलं होतं.

सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला.

"काकाजी, काल रविवार होता. मार्केट बंद होतं."

"ते मालूम हाये ना मले. पन पिकअपवाला आज बी येनार हाये. बंद व्हतं, तं चौकटीत 'बंद' असं तरी छापाचं."